चमच्यावरचा ९० चा आकडा

आधीच सांगून टाकते, मी नर्सरीपासून कॉन्व्हेंटवाली. मराठी हा विषय मार्कांपुरता होता. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने सुधारल्या असतील तर त्यांचे आभार, आणि राहिल्या असतील तर माफी असावी! लेख चमच्यांवर आहे. मेसच्या नव्हे, चांदीच्या. म्हणजे आम्ही ज्यांना तीन पिढ्या चांदीचे समजत होतो त्यांच्यावर.

आमच्या आजीच्या पेटीत जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेले सहा मोठे चमचे होते. माझे पणजोबा पुलगाव स्टेशनवर कामाला होते, तेव्हा कुणा साहेबाची बदली झाली, त्याच्या सामानाचा लिलाव झाला आणि त्यात पणजोबांनी हे चमचे घेतले, अशी घरातली गोष्ट. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला ते बाहेर यायचे, राखेने घासले जायचे आणि परत पेटीत. चमच्याच्या दांड्यावर मागच्या बाजूला बारीक अक्षरात इंग्रजीत ‘अल्पाका’ असा शब्द, एका चौकोनात ९० आणि त्याच्या शेजारी ४५ असे आकडे.

यंदा सोयाबीनने दगा दिला आणि माझ्या फीचा हप्ता अडला. बाबा म्हणाले, "चमचे आहेत ना." विकण्याआधी त्यांनी मला विचारलं, "तू इंग्रजी शाळेतली, यावर काय लिहून आहे ते सांग." मी एकदम स्टाइलमध्ये सांगितलं, "बाबा, नाइन्टी म्हणजे नव्वद टक्के शुद्ध. स्टँप आहे म्हणजे ओरिजिनल." ४५ चं काय, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही तिकडे लक्ष दिलं नाही. माझ्या शब्दावर बाबांनी पतसंस्थेचा फॉर्म भरलाच नाही आणि आम्ही दोघं वर्ध्याच्या सराफ्यात गेलो.

सोनारकाकांनी चमचा हातात घेऊन नुसता तोलला. मग कानशीने त्याची कड थोडी घासली. मी म्हटलं, घासता कशाला? ते म्हणाले, "वरून सगळंच चांगलं दिसते बाई." घासलेली कड कसोटीच्या काळ्या दगडावर ओढली, रेघेवर तेजाबाचा थेंब टाकला. थेंब हिरवट झाला. "हे चांदी नोहे जी. जर्मन आहे." बाबांना वाटलं अॅल्युमिनियम म्हणतायत. ते म्हणाले, "जर्मन? गंजासारखं? मग इतकं जड कसं?" काका म्हणाले, "ते जर्मन वेगळं, हे जर्मन वेगळं." बस स्टँडपर्यंत बाबा काही बोलले नाहीत. मी तर नाहीच नाही.

सुट्टी संपल्यावर मी चमचे हॉस्टेलला घेऊन आले. मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, मटेरियल सायन्स पास झाले आहे, आणि मला एक चमचा ओळखता आला नाही! तेव्हा जे वाचलं आणि लॅबमध्ये जे करून बघितलं ते तुमच्यासाठी लिहिते. तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी अशी एखादी वस्तू असेलच.

आधी त्या नावाचा घोळ. आपल्याकडे ‘जर्मनचा गंज’, ‘जर्मनचं पातेलं’ (कुणी ‘जर्मल’ही म्हणतात) म्हणजे अॅल्युमिनियमचं भांडं. हलकं, पांढरं, एका पाण्याच्या लिटरला जितकी जागा लागते तितक्या जागेत २.७ किलो भरणारं. त्याचा जर्मनीशी तसा काही संबंध नाही. आपल्या देशात अॅल्युमिनियमची भांडी बनवायला १८९८ साली मद्रासच्या कलाशाळेत आल्फ्रेड चॅटर्टन नावाच्या इंग्रज इंजिनिअरने सुरुवात केली. माझा अंदाज असा, की त्याआधीच बाजारात ‘जर्मन सिल्व्हर’ नावाची पांढरी भांडी माहीत झालेली होती, मग पुढे जे जे पांढरं आणि चांदी नसलेलं आलं त्याला लोकांनी तेच नाव लावलं. दुसरं जर्मन म्हणजे हे खरं जर्मन सिल्व्हर. यात सिल्व्हर शून्य टक्के! साधारण साठ टक्के तांबं, वीस टक्के निकेल आणि वीस टक्के जस्त. म्हणजे पितळेत निकेल मिसळल्यासारखंच. आणि तिसरी, जर्मन सोनारांनी घडवलेली खरीखुरी जुनी चांदी, जी जगातल्या म्युझियममध्ये काचेमागे आहे. आम्ही दुसरं हातात घेऊन तिसऱ्याचं स्वप्न बघत होतो.

निकेलची कथा मला फार आवडली. जर्मनीच्या सॅक्सनी भागातल्या खाणकामगारांना एक तांबूस खनिज मिळायचं. दिसायला तांब्याचं, पण भट्टीत घातलं की तांबं निघायचं नाही, उलट विषारी धूर. हे भुताचं काम म्हणून त्यांनी त्याला ‘कुप्फरनिकेल’ म्हटलं. निकेल म्हणजे खोडकर भूत. आपल्याकडे रात्री वाटसरूला शेतात गोल गोल फिरवणारा चकवा असतो ना, तसा हा तांब्याचा चकवा. १७५१ साली क्रोन्स्टेट या स्वीडिश शास्त्रज्ञाने त्यातून नवा धातू वेगळा केला आणि नाव भुताचंच ठेवलं.

चीनमध्ये मात्र तांबं-निकेल-जस्ताचा पांढरा धातू आधीपासून बनत होता. ‘पाकटाँग’ या नावाने तो अठराव्या शतकात कँटन बंदरातून युरोपात जायचा. युरोपियन लोकांना तो हवा होता पण बनवता येत नव्हता. १८२३ साली प्रशियात चांदीसारखा दिसणारा स्वस्त धातू बनवण्याची स्पर्धाच लावली गेली. सॅक्सनीतल्या श्नेबेर्ग गावच्या एर्न्स्ट ऑगस्ट गाइटनरने तो बनवला आणि ‘अर्जेंटान’ नाव दिलं. त्याने निकेल आणलं कुठून, तर निळा रंग बनवणाऱ्या कोबाल्टच्या कारखान्यांचा जो कचरा पडून असायचा त्यातून! त्याच सुमारास बर्लिनच्या हेनिगर बंधूंनीही तोच धातू काढला आणि त्याला ‘नॉयझिल्बर’, म्हणजे नवी चांदी, म्हटलं. बाहेरच्या जगाने म्हटलं जर्मन सिल्व्हर. आणि आमच्या चमच्यावरचं ‘अल्पाका’ हे त्याच धातूचं जर्मनी-ऑस्ट्रियाच्या दुकानांतलं नाव. (मी पहिल्यांदा हा शब्द शोधला तेव्हा दक्षिण अमेरिकेतलं लोकरीचं जनावर निघालं. रूममेट अजून चिडवते.)

आता ९०. इथे माझं नाक कापलं गेलं. १८४० साली बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टनने विजेने चांदीचा मुलामा देण्याचं पेटंट घेतलं. फर्स्ट इयरच्या केमिस्ट्रीत आपण जे इलेक्ट्रोप्लेटिंग घोकलं तेच. त्याला आतला धातू पांढरा हवा होता, कारण मुलामा झिजला की खालचं तांबं लाल दिसतं. जर्मन सिल्व्हर त्या कामाला एकदम फिट बसलं. मग जर्मन कारखान्यांनी मुलामा किती जाड आहे ते सांगायची एक पद्धत पाडली. ९० म्हणजे बारा मोठे चमचे आणि बारा काटे, अशा चोवीस नगांवर मिळून ९० ग्रॅम चांदी चढवली. आणि ४५ म्हणजे त्यातल्या एका डझनावर ४५ ग्रॅम. टक्क्यांचा काही संबंधच नाही! हिशोब करा, एका चमच्यावर पावणेचार ग्रॅम. सहा चमच्यांवर साडेबावीस ग्रॅम, तीही नवे असताना. नंतर आमच्या घरच्या राखेने त्यातली किती नेली ते दिवाळ्याच जाणोत. चोवीस नगांचं क्षेत्रफळ साधारण २४ चौरस डेसिमीटर धरतात, त्यावरून मुलाम्याची जाडी काढली तर ३६ मायक्रॉनच्या आसपास येते. आपल्या केसाच्या जाडीच्या साधारण निम्मी.

म्हणजे कारखान्याने कुणाला फसवलं नव्हतं. धातूचं नाव आणि चांदीचं वजन दोन्ही चमच्यावर छापून दिलं होतं. वाचता मला आलं नाही.

मग खऱ्या जर्मन चांदीवर काय छापलेलं असतं? १८८८ पासून जर्मनीत कायद्याने चंद्रकोर आणि मुकुट अशी जोडखूण आणि सोबत ८०० किंवा त्याच्या वरचा तीन आकडी अंक. ८०० म्हणजे हजारात आठशे भाग चांदी. त्याच्या आधी शुद्धता ‘लोट’मध्ये मोजायचे. शुद्ध चांदी म्हणजे सोळा लोट. हे वाचून मी उडालेच, कारण आपलं ‘सोळा आणे खरं’ हेच! ऑग्सबर्ग शहराची चांदी तेरा लोटची, म्हणजे सोळात तेरा भाग, टक्क्यांत ८१.२५. आपल्या भाषेत तेरा आणे चांदी.

ऑग्सबर्ग आणि न्यूरेम्बर्ग ही दोन शहरं म्हणजे त्या काळच्या जर्मन सोनारांची पंढरी. ऑग्सबर्गचा शिक्का पाइनच्या फळाचा, न्यूरेम्बर्गचा ‘एन’ अक्षराचा. शहराचा शिक्का वेगळा आणि सोनाराचा स्वतःचा वेगळा, दोन्ही हवेतच. कुणीही उठून दुकान टाकू शकत नसे. सोळाव्या शतकात न्यूरेम्बर्गमध्ये ‘मास्टर’ व्हायचं तर उमेदवाराला तीन वस्तू करून दाखवाव्या लागत: एका फुलाच्या आकाराचा झाकणवाला उंच प्याला, रत्न बसवलेली सोन्याची अंगठी आणि कोरलेली मुद्रा. घडाई, जडाव आणि कोरीव काम, तिन्हींची परीक्षा. आपले प्रॅक्टिकल, सबमिशन आणि व्हायवा म्हणा हवं तर, फक्त जर्नल कॉपी करायची सोय नाही.

याच शहरातला वेंझेल याम्नित्झर (१५०८ ते १५८५) हा सगळ्यांत मोठा. जन्म व्हिएन्नाचा, १५३४ मध्ये न्यूरेम्बर्गचा मास्टर झाला. १५४९ साली त्याने जेवणाच्या टेबलाच्या मध्यभागी ठेवायचं जे शोभापात्र केलं ते आज ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. जवळजवळ एक मीटर उंच. त्यावरचं गवत, पानं, किडे इतके बारीक आहेत की हाताने कुणी कोरूच शकणार नाही, आणि कोरलेले नाहीतच! खरं पान किंवा मेलेली पाल घ्यायची, तिच्यावर बारीक मातीचा लेप द्यायचा, भट्टीत भाजायचं. आतलं जळून राख होतं, पोकळी उरते, तिच्यात चांदी ओतायची. आपल्या वर्कशॉपमधलं कास्टिंगच, पॅटर्न म्हणून लाकडाऐवजी पाल. आपल्याकडचे ओतारी मेणाचा साचा करून मूर्ती ओततात तेही याच जातीचं काम. आणि याच माणसाने १५६८ साली पर्स्पेक्टिव्हवर एक पुस्तक काढलं, त्यात टेट्राहेड्रॉन, आयकोसाहेड्रॉन वगैरे सॉलिड्सच्या दीडशेच्या घरात आकृत्या आहेत. फर्स्ट इयरच्या ग्राफिक्सने आपल्याला ज्यांच्यासाठी रडवलं तेच सॉलिड्स. एक सोनार ते हौसेने काढत बसला होता!

दुसरा योहान मेल्खिओर डिंगलिंगर, ड्रेस्डेनचा. त्याने १७०१ ते १७०८ अशी सात वर्षं खपून औरंगजेबाच्या वाढदिवसाचा दिल्ली दरबार सोन्या-चांदीत आणि रत्नांत घडवला. शंभराहून जास्त छोट्या छोट्या माणसांच्या आकृत्या, हत्ती, उंट, नजराणे, हजारो हिरे. ड्रेस्डेनच्या संग्रहालयात आजही बघायला मिळतो. डिंगलिंगर हिंदुस्थानात कधी आला नाही, प्रवाशांच्या पुस्तकांवरून सगळं केलं. गंमत बघा, तो तिकडे दिल्लीचा दरबार सजवत होता तेव्हा औरंगजेब दिल्लीत नव्हताच, तो इकडे आपल्या महाराष्ट्रात मराठ्यांच्या किल्ल्यांमागे फिरत होता. १७०७ मध्ये अहमदनगरजवळ (आताचं अहिल्यानगर) वारला. डिंगलिंगरचा दरबार पूर्ण व्हायच्या आधीच दरबाराचा धनी गेला.

ही खरी जुनी भांडी फार थोडी उरली. चोरीमुळे नाही, तर वितळवल्यामुळे. युद्ध आलं की राजे आधी टेबलावरची चांदी भट्टीत घालत. घडणावळीला मोल नाही, वजनाला मोल. आपल्या सराफ्यातही ‘मोड’ म्हणून दिलं की तेच होतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जुन्या वस्तूंची फॅशन आली तेव्हा हानाउ गावच्या कारखान्यांनी जुन्या धाटणीची नवी चांदी करून तिच्यावर जुन्या शहरांच्या शिक्क्यांसारखे दिसणारे शिक्के मारले. चांदी खरी, वय खोटं. म्हणजे शिक्का वाचणाऱ्यालाही दोनदा वाचावा लागतो. आपल्याकडे सोन्याचं हॉलमार्किंग २००० साली आणि चांदीचं २००५ साली सुरू झालं. सप्टेंबर २०२५ पासून चांदीच्या हॉलमार्कलाही प्रत्येक वस्तूचा वेगळा एचयूआयडी नंबर आला, पण सुरू करताना ते ऐच्छिक ठेवलं. त्याच्या आधीच्या वस्तूंना सोनाराचा शब्द आणि कसोटी, एवढंच.

आता लॅब. मॅग्नेटवर जाऊ नका. जर्मन सिल्व्हरमध्ये निकेल असूनही त्याला चुंबक लागत नाही, चांदीलाही लागत नाही. तेजाब म्हणजे नायट्रिक ॲसिड, ते हॉस्टेलमध्ये अजिबात आणू नका. (सोनारकाका खऱ्या चांदीवर तेजाबानंतर मिठाच्या पाण्याचा थेंब टाकतात, तेव्हा दह्यासारखं पांढरं फुटतं. हे त्यांच्याच दुकानात बघा.) आपल्याला आर्किमिडीज पुरेसा आहे. वस्तू आधी हवेत तोलायची, मग दोऱ्याने लटकवून पूर्ण पाण्यात बुडवून तोलायची. बुडबुडे बोटाने काढून टाकायचे. जितकं वजन कमी भरलं तितके घनसेंटिमीटर तिचं आकारमान. हवेतल्या वजनाला त्याने भागलं की घनता. शुद्ध चांदीची १०.४९, जर्मन सिल्व्हरची ८.७ च्या आसपास.

सहा चमचे मिळून ३७२ ग्रॅम. पाण्यात ४२.७ ग्रॅम कमी भरले. भागाकार ८.७१. लॅब असिस्टंट सर म्हणाले, "पुन्हा कर." पुन्हा केलं. पुन्हा ८.७१. नव्वद टक्के चांदी असती तर पाण्यात फक्त ३६ ग्रॅम कमी व्हायला हवे होते.

हे मी घरी फोनवर सांगितलं. आजी म्हणाली, "मले त वाटेच." मी म्हटलं कसं? तर म्हणे, गरम दुधात हा चमचा कितीही वेळ ठेवला तरी हाताला चटका लागायचा नाही, म्हणून तिला तो आवडायचा. आणि तिच्या माहेरच्या चांदीच्या वाटीत गरम दूध ओतलं की वाटी धरवत नसे. मी डोक्यावर हात मारला! चांदी उष्णता जर्मन सिल्व्हरपेक्षा साधारण पंधरा पट चांगली वाहून नेते. हीट ट्रान्सफरच्या पेपरमध्ये मी हे टेबल पाठ केलं होतं. आजीला टेबल माहीत नव्हतं, चटका माहीत होता. "मंग सांगितलं काऊन नाही?" मी तिच्याच भाषेत विचारलं. "तू म्हनली ना, इंग्रजीत लिहून आहे."

पुढच्या रविवारी बाबा हॉस्टेलला आले. थैलीत आजीचे तोडे होते. पायातले, लग्नातले, आर्वीकडच्या कुण्या सोनाराने घडवलेले. त्यांच्यावर ना शिक्का, ना आकडा, ना अक्षर. आजीने निरोप दिला होता, "आधी पोरीले मोजू दे, मंग इका." सोमवारी सरांची परवानगी काढून मी ते तोलले. जोडीचे ४२७ ग्रॅम, म्हणजे साडेछत्तीस तोळ्यांच्या वर. पाण्यात कमी झाले ४२.० ग्रॅम. चमच्यांपेक्षा ५५ ग्रॅमने जड, पण पाणी त्यांच्यापेक्षा कमी सारलं! घनता १०.१७. बाकीचं सगळं तांबं धरलं तर चांदी ८१ टक्क्यांच्या वर येते. ऑग्सबर्गची तीच तेरा आणे. (तोलण्यात ०.१ ग्रॅमची चूक झाली तर उत्तर दीड टक्का हलतं, आणि डाग दिलेल्या सांध्यांमुळेही थोडं हलतं. त्यामुळे हा आकडा कुणी सोनारासमोर भांडायला वापरू नका.)

बाबा व्हरांड्यात उभे होते. मी कागद दाखवला. त्यांनी आकडा वाचला नाही, माझ्याकडे बघून विचारलं, "नक्की ना?" मी या वेळी लगेच हो म्हटलं नाही. आत जाऊन तिसऱ्यांदा तोललं आणि मग म्हटलं.

त्याच सोनारकाकांकडे गेलो. त्यांनी कसोटीवर ओढून टंच सांगितला तो माझ्या आकड्यापेक्षा एकाने कमी होता. बाबांनी एकच तोडा मोडला. तो भट्टीत जाताना मी बघितलं नाही, दुकानाबाहेर उभी राहिले. दुसरा आजीच्या पेटीत परत गेला, त्याच लुगड्याच्या तुकड्यात. फी भरली, पावती माझ्या कपाटात आहे.

चमचे माझ्या रूमवर आहेत. आठवड्यातून दोनदा त्यांनी मॅगी खाल्ली जाते. कुणाला घरची वस्तू तपासायची असेल तर शनिवारी दुपारी लॅब असिस्टंट सरांना विचारून या. येताना पक्का दोरा आणा, आमचा नेहमी तुटतो. वस्तू पोकळ नसावी, आणि तिच्यावर लाख भरलेली असेल तर घनता चुकीची येईल, हे आधीच सांगून ठेवते.